स्वस्त मोनोमरपासून सच्छिद्र पॉलिमर: १२५ टक्के यील्ड कुठून आलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेंझीन, डायमिथॉक्सीमिथेन आणि फेरिक क्लोराइड डायक्लोरोइथेनमध्ये गरम करून पॉलिमर बनवलं, तपकिरी पावडर मिळाली, यील्ड (अपेक्षित वजनाच्या तुलनेत मिळालेलं वजन) आलं १२५ टक्के पण सरफेस एरिया आली ग्रॅमला फक्त ३१० चौरस मीटर, पेपरात तर याच रिअॅक्शनचे १४००च्या आसपास आहेत. मग हा स्वस्तातला मार्ग सोडून महागडे मोनोमर (ज्यांच्या जोडणीतून पॉलिमर बनतं ते छोटे रेणू) घेऊन काहीतरी "चांगलं" करावं का, आणि शेवटी वापर करायचाय पाण्यातला रंग शोषायला, जमलं तर कार्बन डायऑक्साइडसाठी.

माझं उत्तर आधीच सांगतो, मार्ग सोडू नका. मी बरीच वर्षं हेच करतोय आणि माझ्या पहिल्या काही बॅचेस पण अशाच आल्या होत्या. मोनोमर स्वस्त आहे म्हणून पावडर वाईट आलेली नाही, पावडर वाईट आलीय ती बहुतेक ओल्या फेरिक क्लोराइडमुळे आणि अर्धवट धुण्यामुळे. तुमच्याच आकड्यांवरून ते दाखवता येतं, पण त्याआधी पोअर, म्हणजे बारीक छिद्रं, तयार होतात कशा हे एकदा नीट डोक्यात बसू दे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं रेसिपी पाठ केल्यासारखं होईल.

साध्या पॉलिमरच्या साखळ्या लवचिक असतात, सॉल्व्हेंट गेला की त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि मधली जागा संपते. आता त्याच साखळ्या सॉल्व्हेंटमध्ये फुगलेल्या असतानाच जागोजागी आखूड आणि ताठ दुव्यांनी बांधून टाकल्या तर सॉल्व्हेंट काढल्यावर त्यांना जवळ यायचं असतं पण येता येत नाही. ही जी अडून राहिलेली जागा, तीच पोअर. १९७०च्या आसपास मॉस्कोत दावानकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीनवर हेच केलं, फुगवलं आणि फुगलेल्या अवस्थेतच घट्ट बांधलं, त्याला आपण आज हायपरक्रॉसलिंक्ड पॉलिमर म्हणतो. यातून एक गोष्ट लगेच कळते की सॉल्व्हेंट इथे नुसतं माध्यम नाही, पोअरचा साचा तोच आहे. म्हणून "डायक्लोरोइथेन विषारी आहे, त्याऐवजी हेक्सेन घेतलं तर चालेल का" असं कोणी विचारलं की मी नाही म्हणतो, हेक्सेनमध्ये जाळं फुगतच नाही, लवकर खाली बसतं आणि दाट गोळा मिळतो.

महागड्या मार्गांबद्दल पण प्रामाणिकपणे सांगतो. २००९ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातून पीएएफ-१ नावाचं सच्छिद्र पॉलिमर आलं, सरफेस एरिया ग्रॅमला ५६०० चौरस मीटर, फार सुंदर काम आहे. पण त्यातला मोनोमर चार ब्रोमोफेनिल असलेला मिथेन, जोडणी निकेलच्या अशा कॉम्प्लेक्सने की जो हवेत टिकत नाही आणि तो पण कॅटॅलिस्ट म्हणून चिमूटभर नाही तर मोनोमरच्या हिशोबाने भरपूर लागतो. सीओएफ (सहसंयुज बंधांनी बांधलेले सच्छिद्र क्रिस्टल) म्हणाल तर २००५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओमर याघींच्या ग्रुपने पहिली दोन दाखवली, तिथे बंध उलटसुलट होऊ शकतात म्हणून चुका दुरुस्त होत जातात आणि क्रिस्टल मिळतो. तुम्हाला एकसारख्या मापाचे पोअर हवे असतील तर तो मार्ग. पण पाण्यातून रंग काढायला क्रिस्टल लागत नाही, भरपूर पृष्ठभाग लागतो, पाण्यात आणि आम्लात न तुटणारा सांगाडा लागतो आणि पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येणं लागतं. कार्बन-कार्बन बंधांनी बांधलेलं साधं जाळं यात कुठेच कमी पडत नाही.

आता तुमची रिअॅक्शन. ही विणण्याची पद्धत २०११ मध्ये वुहानच्या ग्रुपने मांडली, डायमिथॉक्सीमिथेन, ज्याला मिथिलाल पण म्हणतात, तो बाहेरून आणलेला दोरा आणि कुठलीही साधी अॅरोमॅटिक रिंग म्हणजे मणी. बेंझीनपासून त्यांना ग्रॅमला १३९१ चौरस मीटर मिळाले होते. नेहमीचं प्रमाण असं, बेंझीन ०.०२ मोल, मिथिलाल ०.०६, निर्जल फेरिक क्लोराइड ०.०६, डायक्लोरोइथेन २० मिली, ४५ अंशाला ५ तास आणि मग ८० अंशाला १९ तास. हेच ग्रॅममध्ये मांडून बघा. बेंझीन १.५६ ग्रॅम, मिथिलाल ४.५७, फेरिक क्लोराइड ९.७, सॉल्व्हेंट सुमारे २५ ग्रॅम. म्हणजे मोनोमरच्या सहापट कॅटॅलिस्ट! आणि पॉलिमर किती मिळणार? एका बेंझीनमागे तीन मिथिलीन दुवे धरले तर ७८ मधून सहा हायड्रोजन गेले, तीन वेळा १४ आले, ११४. ०.०२ मोलला २.२८ ग्रॅम. सोबत मिथेनॉल निघतो ३.८ ग्रॅम, पॉलिमरपेक्षा जास्त. "स्वस्त मोनोमर" हे शब्द ऐकले की मला म्हणून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आठवतो, कारण या पॉलिमरमध्ये मोनोमरचा खर्च जवळपास नगण्य असतो, खरा खर्च फेरिक क्लोराइड, सॉल्व्हेंट, धुण्याचा मिथेनॉल आणि त्या सगळ्या कचऱ्याची विल्हेवाट यात जातो. प्रक्रिया स्वस्त करायची तर तिथे हात घालावा लागतो.

एवढं फेरिक क्लोराइड का लागतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण तो मिथेनॉलच. प्रत्येक दुवा बनताना दोन मिथेनॉल सुटतात आणि ते लोखंडाला जाऊन चिकटतात, मग त्या लोखंडात रिंगवर हल्ला करवून घ्यायची ताकद उरत नाही. पाणी पण हेच करतं, आणखी जोरात. आता तुमच्या बॅचकडे या, माझा पहिला संशय इथेच आहे. निर्जल फेरिक क्लोराइड गडद, जवळजवळ काळं हिरवट दिसतं, बाटली चार वेळा उघडी राहिली की पिवळं-केशरी आणि चिकट होतं. तुमच्या बाटलीचा रंग बघा. केशरी ढेकळं असतील तर ती बाटली या कामाला विसरा.

ओल्या कॅटॅलिस्टने काय होतं तर रिअॅक्शन थांबत नाही, अर्ध्यावर राहते, आणि हे जास्त फसवं आहे. पहिली पायरी, रिंगवर मिथॉक्सीमिथाइल लागणं, होऊन जाते. दुसरी पायरी, त्याच टोकाने शेजारची रिंग पकडणं, ती राहते. मग जाळ्यात दुवे कमी आणि लोंबणारी टोकं जास्त, जी पोअरमध्येच जागा अडवून बसतात आणि वजन वाढवतात. १२५ टक्के यील्डचा एक भाग हा असू शकतो. तपासायचं असेल तर सॉलिड स्टेट कार्बन एनएमआर काढा, १३० आणि १३७ पीपीएमच्या आसपास रिंगचे कार्बन, ३६-३७ला मिथिलीन दुवा, हे तर दिसायलाच हवं, पण ५८च्या आसपास आणि ७०-७५च्या पट्ट्यात ठळक सिग्नल असतील तर ती लोंबणारी मिथॉक्सी टोकं आहेत. एनएमआर मिळत नसेल तर आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) ११०० जवळचा सी-ओ पट्टा बघा, त्यावरून पण अंदाज येतो.

दुसरा भाग लोखंड. टीजीए (तापवत तापवत वजन मोजायची चाचणी) हवेत चालवा, ८०० अंशापर्यंत, पॉलिमर सगळं जळून जाईल आणि विटकरी राख उरेल, ती फेरिक ऑक्साइड. तिच्या वजनाचा ७० टक्के भाग लोखंड, म्हणजे ५ टक्के राख असेल तर साडेतीन टक्के लोखंड. आता नीट लक्ष द्या, समजा ते वरचे २५ टक्के सगळेच अशुद्धी आहेत, तर तुमच्या पावडरमध्ये खरं पॉलिमर ८० टक्के. ३१० ला ०.८ने भागलं तर ३८८ येतात. १४०० नाही. म्हणजे नुसतं जड वजन टाकून दिलं म्हणून आकडा सुधारत नाही, पोअर बुजलेले आहेत किंवा मुळात तयारच झालेले नाहीत. बुजलेले असतील तर धुऊन सुधारता येतील, तयारच झाले नसतील तर बॅच पुन्हा करावी लागेल, त्यामुळे ती पावडर अजिबात फेकू नका, आधी धुऊन बघा.

धुण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण पेपरात ते एका ओळीत असतं आणि प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ तिथे जातो. रिअॅक्शन संपली की फ्लास्कमध्ये बऱ्याचदा घट्ट जेलसारखा गोळा असतो, स्टरर केव्हाच अडकलेला असतो, त्याने घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. गार करा आणि मिथेनॉल थोडा थोडा घाला, उष्णता निघते. गोळा ओला असतानाच बारीक फोडा, एकदा सुकला की आतलं लोखंड अडकतं आणि मग सॉक्सलेटला (गरम सॉल्व्हेंटने सतत धुणारं काचेचं उपकरण) आठवडा घालवला तरी पिवळं पाणी येतच राहतं. आधी पाण्याने धुऊ नका, ही चूक फार जण करतात, भरपूर पाण्यात फेरिक क्लोराइडचं हायड्रॉक्साइड बनतं आणि ते पोअरच्या तोंडाशीच बसतं. मिथेनॉलमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून तीन-चार वेळा ढवळून फिल्टर करा, गाळलेलं द्रावण रंगहीन दिसेपर्यंत, मग साधा मिथेनॉल सॉक्सलेटमध्ये २४ तास, रंग दिसत असेल तर आणखी. थिंबल (पावडर ठेवायची कागदी नळी) ठासून भरू नका, सॉल्व्हेंट बाजूने निघून जातो आणि मधली पावडर तशीच राहते. शेवटी व्हॅक्यूम अव्हन, ६० अंश, पूर्ण दिवस. तुमच्या जुन्या पावडरला हाच सगळा प्रकार पहिल्यापासून करा, फक्त आधी ती डायक्लोरोमिथेनमध्ये रात्रभर फुगू द्या म्हणजे जाळं थोडं उघडेल.

सुरक्षिततेचं इथेच सांगतो, शेवटी ठेवलं तर कोणी वाचत नाही. बेंझीन कॅन्सरकारक आहे, डायक्लोरोइथेन पण सुरक्षित नाही, आणि यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे मिथिलाल आणि हायड्रोजन क्लोराइड एकत्र असले की क्लोरोमिथाइल मिथाइल इथर बनू शकतो, जो माणसात फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ओळखला जातो. फेरिक क्लोराइडला ओल लागली की हायड्रोजन क्लोराइड सुटतोच. म्हणून ही रिअॅक्शन उघड्या टेबलावर कधीच नाही, चालू फ्यूम हूडमध्येच, बाहेर जाणारी वाफ कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) बाटलीतून, मध्ये एक रिकामी बाटली ठेवून म्हणजे कॉस्टिक उलटं ओढलं जाणार नाही. आणि कोणी सल्ला दिला की मिथिलालऐवजी फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, अजून स्वस्त पडेल, तर ऐकू नका, त्यातून बिस-क्लोरोमिथाइल इथर बनतो आणि तो याहून वाईट. पैसे वाचवायच्या नादात तब्येत घालवू नका, मी हे मनापासून सांगतोय.

बेंझीन तरी का वापरायचं? बायफेनिल घ्या, घन आहे, तोलायला सोपं, उडून जात नाही आणि रिंग जास्त म्हणून जाळं पण छान बनतं. त्याहून माझं आवडतं म्हणजे १,३,५-ट्रायफेनिलबेंझीन, ते अॅसिटोफेनोनच्या तीन रेणूंना आम्लाने जोडून स्वतःच बनवता येतं, रिक्रिस्टलाइझ केलं की झालं, ताठ आणि तीन दिशांना पसरलेलं. फेनॉल चालतं पण सरफेस एरिया बरीच कमी मिळते, कारण त्याचा ऑक्सिजन लोखंडाला धरून ठेवतो. अॅनिलीनचं तर आणखी वाईट, नायट्रोजन लुईस आम्लाला, म्हणजे इथे फेरिक क्लोराइडला, इतका घट्ट पकडतो की रिंगच सुस्त होते. नायट्रोबेंझीन विसराच. टाकाऊ थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन फोम, तो पण विरघळवून याच पद्धतीने बांधता येतो, दावानकोव्हचीच कल्पना फिरून परत आली असं समजा, फक्त आधी मिथेनॉलमध्ये परत खाली बसवून स्वच्छ करून घ्या.

कॅटॅलिस्टचा ढीग टाळायचा असेल तर दुवा बदला. पॅरा-झायलीनचं डायक्लोराइड, म्हणजे दोन्ही टोकांना क्लोरोमिथाइल असलेली रिंग, स्वतःच स्वतःशी विणली जाते आणि मिथेनॉलऐवजी हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो निघून जातो, लोखंडाला बांधत नाही, त्यामुळे फेरिक क्लोराइड बरंच कमी घालून बघता येतं. मोनोमर डोळ्यांना झोंबणारा आहे आणि वायू व्यवस्थित कॉस्टिकमध्ये पकडावा लागतो, पण धुण्याचा त्रास इतका कमी होतो की मोठी बॅच करायची तर मी हाच विचार आधी करेन.

आणि लोखंड नकोच असेल तर मेलामाइन. मेलामाइन आणि टेरेफ्थाल्डिहाइड डीएमएसओ या सॉल्व्हेंटमध्ये १८० अंशाला ७२ तास, नायट्रोजनखाली, कॅटॅलिस्ट काहीच नाही. २००९ मध्ये हे आलं तेव्हा १३७७पर्यंत सरफेस एरिया दाखवली होती. इथे लोकांना वाटतं इमीन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) बनतं, पण बऱ्याच ठिकाणी एका अल्डिहाइड कार्बनवर दोन अमीन बसून अमिनाल बनतं, म्हणून आयआरमध्ये १६००च्या वरचा इमीन पट्टा शोधत बसू नका. टेरेफ्थाल्डिहाइड परवडत नसेल तर पॅराफॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन, तेही डीएमएसओमध्ये १७० अंशाला, चांगलं मेसोपोरस (२ ते ५० नॅनोमीटर पोअरचं) जाळं मिळतं. नायट्रोजन भरपूर असल्यामुळे कार्बन डायऑक्साइडसाठी आणि जड धातूंसाठी मी हेच सुचवेन. दोन इशारे. डीएमएसओ १८९ अंशाला उकळतो आणि तापवताना आम्ल किंवा हॅलाइड मिसळलं तर तो धोकादायक पद्धतीने फुटू शकतो, म्हणून बाकी काहीही त्यात "सुधारणा" म्हणून टाकू नका आणि बंद भांडं काठोकाठ भरू नका. दुसरं, डीएमएसओ पोअरमधून सहज निघत नाही, अॅसिटोन, मग टीएचएफ, मग डायक्लोरोमिथेन असं बदलत जा. शेवटच्या सॉल्व्हेंटचा पृष्ठताण जितका कमी तितकं सुकताना आत ओढणारं बल कमी, नाहीतर मऊ जाळी सुकतानाच मिटतात.

मोजताना पण आकडा बिघडतो. पावडर १२० अंशाला व्हॅक्यूमखाली रात्रभर डीगॅस करा (पोअरमध्ये अडकलेली वाफ काढा), दोन तासांत उरकलेलं डीगॅसिंग म्हणजे निम्मे पोअर मिथेनॉलने भरलेले. बीईटी, म्हणजे वायू शोषणावरून सरफेस एरिया, काढताना सॉफ्टवेअरने आपोआप घेतलेला ०.०५ ते ०.३ हा सापेक्ष दाबाचा पट्टा अशा मायक्रोपोरस (२ नॅनोमीटरहून बारीक पोअरच्या) पावडरला बरोबर नसतो, खाली ०.०१ ते ०.१ कडे जावं लागतं आणि बीईटी समीकरणातला सी स्थिरांक धन आलाच पाहिजे, तो ऋण दिसला तर आकडा बाद. आयसोथर्ममध्ये (दाबानुसार किती वायू शोषला त्याच्या आलेखात) खाली येणारी रेघ वर जाणाऱ्या रेघेला शेवटपर्यंत मिळत नसेल तर मशीन खराब नाही, जाळं नायट्रोजन घेताना फुगतंय, अशा पॉलिमरमध्ये ते नेहमीचं. आणि ७७ केल्विनला नायट्रोजन फार बारीक पोअरमध्ये शिरतच नाही, म्हणून कमी आकडा आला तर २७३ केल्विनला कार्बन डायऑक्साइड पण घेऊन बघा, कधीकधी ज्या पावडरला आपण मेलेली समजतो तिच्यात बारीक पोअर भरपूर निघतात.

राहिला रंग शोषण्याचा भाग. कार्बन-हायड्रोजनचं हे जाळं पाण्याला दूर सारतं, पावडर वर तरंगत राहते आणि लोक लिहितात की शोषण होत नाही. आधी चार थेंब मिथेनॉलने ओली करा, पाण्याने धुवा, मग रंगाच्या द्रावणात घाला. मिथिलीन ब्लूचा रेणू साधारण दीड नॅनोमीटर लांब आहे, त्यामुळे सगळेच पोअर १ नॅनोमीटरच्या खाली असतील तर सरफेस एरिया कितीही असो तो सहजासहजी आत जाणार नाही, आयसोथर्मच्या वरच्या टोकाला थोडा मेसोपोअरचा चढ दिसला तर ते इथे फायद्याचं आहे. आणि प्रत्येक प्रयोगात दोन नळ्या जास्तीच्या ठेवा, एकीत तुमची पावडर नुसत्या पाण्यात, लोखंड सुटतंय का ते कळायला, आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचा साधा अॅक्टिव्हेटेड कार्बन त्याच रंगाबरोबर. अॅक्टिव्हेटेड कार्बन स्वस्त आहे आणि बऱ्याच रंगांना तो पहिल्या फेरीत तुमच्या पॉलिमरला हरवेल, ते लपवू नका. दोन्ही मिथेनॉलने धुऊन पाचवी-सहावी फेरी करा, फरक तिथे दिसायला लागतो.